मागच्या चाकाची कुरकुर

मुंबई-गोवा हायवे सोडून इंदापूरहून (रायगडातलं, पुणे जिल्ह्यातलं नव्हे!) तळ्याच्या रस्त्याला सायकल घातली आणि चढावर मागच्या चाकातून 'कुर्र कुर्र' यायला लागलं, तर काय करायचं? पुढे कुडा लेणी गाठायची की गुपचूप मागे फिरायचं? उत्तरासाठी आधी 1869 सालात जाऊ.

त्या वर्षी पॅरिसच्या ज्यूल सुरिरे या सायकल मेकॅनिकने बॉल बेअरिंगचं पेटंट घेतलं. नोव्हेंबरात पॅरिस ते रूआँ अशी सुमारे सव्वाशे किलोमीटरची शर्यत झाली, ती जेम्स मूरने जिंकली, छऱ्यांवर फिरणाऱ्या चाकांच्या जोरावर. अडचण एकच होती. छर्रे सगळे सारखे गोल हवेत. एक जरी किंचित मोठा निघाला तर भार त्याच्यावर, बाकीचे नुसतेच सोबतीला (ऑफिसमधली एखादी टीम आठवली ना?). 1883 मध्ये जर्मनीतल्या श्वाइनफुर्टच्या फ्रीड्रिश फिशरने पोलादी छर्रे नेमके गोल घासणारं मशीन बनवलं आणि प्रश्न सुटला. बेअरिंगचा धंदा वाढला तो सायकलच्या जिवावर. मोटारी नंतर आल्या.

आपल्या साध्या काळ्या सायकलच्या मागच्या हबमध्ये आजही तीच रचना आहे: हबमध्ये ठोकून बसवलेले दोन कप, ॲक्सलवर दोन कोन, मधे एकेका बाजूला पाव इंची नऊ छर्रे. दोन पाने आणि ग्रीसचा डबा असला की कुठल्याही गावात उघडता येते. ओव्हरहॉलिंगचं आपल्याकडे 'ओव्हरऑयलिंग' झालं, ते काही उगाच नाही!

आता आवाज. चाक उचला आणि फिरवा. दर फेरीला बरोब्बर एकदा 'टक्' होत असेल तर बेअरिंगला दोष देऊ नका. स्पोक, रिफ्लेक्टर, ब्रेकला घासणारी रिम बघा. कारण छर्रे चाकाच्या वेगाने फिरतच नाहीत. कोन स्थिर, कप फिरता, त्यामुळे चाकाच्या पाच फेऱ्यांत छऱ्यांच्या साधारण तीनच होतात. फुटलेला छर्रा म्हणून चाकाच्या तालात वाजत नाही. कोनाला खड्डा पडला असेल तर मात्र प्रत्येक छर्रा त्यातून जातो, एका फेरीत पाच-सहा वेळा, आणि हीच ती कुरकुर. फ्रेमला हात लावला की हाताला कळते.

पायडल मारणं थांबवल्यावरच आवाज येत असेल तर तो फ्रीव्हीलचा. पायडल मारताना ते लॉक असतं, मोकळं सोडलं की आतून फिरतं. हब दोन्ही वेळा फिरतो. फ्रीव्हीलला जागा द्यायची म्हणून उजवा बेअरिंग आत सरकवला गेला, त्यामुळे त्या बाजूला ॲक्सल वाकायचा धोकाही जास्त. शिमानोने 1978 मध्ये फ्रीहब आणून तो बेअरिंग पुन्हा बाहेर नेला.

तर तळ्याच्या रस्त्यावर: रिम धरून आडवी हलवा. खेळ नसेल तर हळूहळू पुढे जा. खेळ असेल तर आधी कोन आवळा, नाहीतर परत फिरा. खराब कोन स्वस्तात बदलतो. त्याने कप खाल्ला की सगळा हब, म्हणजे चाक पुन्हा विणणं आलं. आणि छर्रे घालाल ते अठराच्या अठरा नवे. झिजलेल्यांत दोन नवे मिसळलेत की भार पुन्हा त्या दोघांवरच.