वादीची भाषा आणि न्यायाचे चार पाद

न्यायसभेत वादीने केलेला आरोप कानी पडताच त्यालाच निर्णय समजण्याची प्रवृत्ती लोकांत पुरातन आहे. तिला आवर घालण्यासाठी आपल्या धर्मशास्त्रकारांनी व्यवहाराला, म्हणजे दाव्याला, चार पाद कल्पिले. याज्ञवल्क्यस्मृतीवरील ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिणारा विज्ञानेश्वर चालुक्य नृपती सहावा विक्रमादित्य याच्या काळातील. त्या राजाची राजधानी कल्याण ही आजच्या बीदर जिल्ह्यात आहे. या ग्रंथपरंपरेत भाषा, उत्तर, क्रिया आणि सिद्धी असे चार पाद सांगितले आहेत.

वादीचे म्हणणे ती ‘भाषा’. ती प्रतिवादीच्या समक्ष, वर्ष, मास, पक्ष, दिवस व नाव यांसह लिहून घ्यावयाची. जे निरर्थक, असाध्य वा विरुद्ध असेल, तो पक्ष नव्हे, पक्षाभास होय. त्यापुढे प्रतिवादीचे उत्तर, मग लेख, साक्षी इत्यादी प्रमाणे, आणि शेवटी सिद्धी. तात्पर्य, आरोप हा न्यायाचा केवळ पहिला पाय आहे.

अर्वाचीन काळात या तत्त्वाची कसोटी ताईमहाराज प्रकरणात लागली. पुण्याचे सरदार बाबामहाराज पंडित १८९७ मध्ये वारले. त्यांच्या मृत्युपत्राप्रमाणे लोकमान्य टिळक विश्वस्तांपैकी एक झाले. जून १९०१ मध्ये औरंगाबादेस जगन्नाथ या बालकाचे दत्तविधान झाले, अशी विश्वस्तांची भाषा होती. ते पूर्ण झालेच नाही, असे प्रतिपक्षाचे उत्तर. त्याच वर्षी ताईमहाराजांनी कोल्हापूरच्या बाळामहाराजांना दत्तक घेतले. प्रकरण फौजदारीतही गेले. १९०३ मध्ये टिळकांना शिक्षा झाली आणि मार्च १९०४ मध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द केली.

दिवाणी दाव्याचा मार्ग याहून लांब होता. पुण्याच्या न्यायालयाने १९०६ मध्ये विश्वस्तांच्या बाजूने निकाल दिला. मुंबई उच्च न्यायालयाने १९१० मध्ये तो फिरविला. अखेर २६ मार्च १९१५ रोजी विलायतेतील प्रिव्ही कौन्सिलने जगन्नाथाचे दत्तकत्व मान्य केले.

त्या निर्णयातील एक तत्त्व न्यायालये पुढेही आधारास घेत आली. साक्षीदारावर एखाद्या कागदाचा आधार घेऊन ठपका ठेवावयाचा असेल, तर उलटतपासणीत तो त्याच्यापुढे मांडावा, आणि त्याला खुलासा करण्याची संधी द्यावी. म्हणजे उत्तर ऐकण्याचे बंधन केवळ पक्षकारांवर नाही. साक्षीचे मोल ठरविणाऱ्या न्यायाधीशावरही आहे. स्मृतिकारांनी दुसऱ्या पादाला जे स्थान दिले, तेच येथे निराळ्या मार्गाने सिद्ध झाले.

एकाच प्रमाणांवरून न्यायासनांचे निर्णय परस्परविरुद्ध ठरले, आणि चौदा वर्षे एका बालकाचे भवितव्य टांगलेले राहिले. मठांत व देवस्थानांतही वारसा आणि दान यांचे तंटे उद्भवतात, आणि दावा दाखल होताच भाविकांत दोन तट पडतात. अशा वेळी प्रत्येकाने स्वतःस विचारावे : आपण ऐकली ती भाषा, की सिद्धी? उत्तर ऐकल्यावाचून दिलेला निर्णय, तो सभेत दिलेला असो वा मनात, एकाच पायावर उभा असतो.