टिळकांची उपासना आणि लक्ष्मीबाईंची चूल

मंडळाच्या स्मरणिकेसाठी इतिहासावर काही लिहावे, असे चिटणीसबाईंनी सांगितले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. लढाया आणि तहनामे यांवर लिहिण्याचा माझा अधिकार नाही. पण इतिहास घरातही घडतो, आणि घर तर आपल्या चांगल्या ओळखीचे. म्हणून रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्याविषयी चार शब्द लिहिते.

फुलामुलांचे कवी म्हणून टिळक आपणां सर्वांना शाळेच्या पुस्तकांतून ठाऊक आहेत. ते ख्रिस्ती पाळक होते, आणि रोजच्या जगण्यातला धर्म कसा असावा याचा त्यांनी फार विचार केला होता, हे मात्र तितके ठाऊक नसते.

टिळकांचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. लक्ष्मीबाई माहेरच्या गोखले, नाशिकजवळच्या जलालपूरच्या. त्यांच्या वडिलांचे सोवळे इतके कडक की बाजारातून आलेले मीठ आणि साखरसुद्धा धुऊन घेतली जाई. धुतलेली साखर किती उरत असेल, ते भगिनींनी ओळखावे! अशा घरच्या मुलीच्या नवऱ्याने १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. मुलगा लहान, नवरा हयात, आणि संसार मात्र मोडलेला. लक्ष्मीबाईंनी ती वर्षे नातेवाइकांच्या आश्रयाने काढली. टिळक जे करीत होते ते श्रद्धेने करीत होते यात शंका नाही. पण त्या श्रद्धेची किंमत आधी बायकोने भरली, हेही तितकेच खरे.

पुढे त्या अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, टिळकांकडे आल्या. तरी प्रथम त्यांनी आपले सोवळे आणि आपला स्वयंपाक वेगळाच ठेवला. जातिभेद देवाने केला की माणसाने, याचा विचार त्यांनी स्वतःच्या मनाशी केला. तो माणसाने केला असे पटले, तेव्हा त्यांनी तो सोडला. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याच्या मागोमाग त्या गेल्या असे पुष्कळजण समजतात. मला तसे वाटत नाही. मागोमागच जायचे असते, तर मध्ये इतकी वर्षे गेली नसती.

टिळकांना १९०४ साली पाळकपदाची दीक्षा मिळाली. ख्रिस्ती लोक आपल्या चर्चच्या समाजाला मंडळी म्हणतात. आपण मंडळ म्हणतो, ते मंडळी. शब्द एकाच घरचे. या मंडळीत उपासनेच्या वेळी जी गीते म्हणत, त्यांत पुष्कळ गीते इंग्रजीवरून केलेली आणि विलायती चालींवर बसवलेली असत. जात्यावर ओवी म्हणणाऱ्या बाईच्या तोंडी ती कशी बसावी? देव आपला आणि सूर परका, असे होई. टिळकांना हे खटकले. त्यांनी अभंग, ओव्या आणि पदे रचली, कीर्तने केली. ख्रिस्ती उपासनेच्या पुस्तकात त्यांची अडीचशेच्या आसपास गीते गेली. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते म्हणत. ख्रिस्ती होण्यासाठी आपली भाषा, आपला पोशाख, आपले संत टाकावे लागत नाहीत, हा त्यांचा विचार होता. भक्ती रविवारच्या कपड्यांसारखी घडी घालून ठेवायची नव्हे, तर रोज वापरायची, असा मी त्याचा अर्थ घेते.

त्यांचे घर या विचाराप्रमाणेच चाले. अनाथ मुले आणि अडलेली माणसे यांना तेथे जागा असे. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात ज्यांना 'बालकवी' ही पदवी मिळाली, ते त्र्यंबक बापूजी ठोंबरे या घरात मुलासारखे राहिले. धर्म वेगळा म्हणून ताट वेगळे झाले नाही. टिळकांच्या हाती पैसा मात्र टिकत नसे. पाहुणा आणला की यजमानांचे पुण्य झाले. पिठात पाणी किती घालायचे, हे आतल्या बाईने ठरवायचे.

१९१२ पासून टिळक 'ज्ञानोदय' या जुन्या ख्रिस्ती पत्राच्या मराठी भागाचे संपादक होते. येथली मंडळी परदेशी मिशनच्या पैशावर आणि हुकमावर चालू नये, असे त्यांना फार वाटे. १९१७ साली त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ख्रिस्तावर भक्ती असलेला कोणीही त्यात यावा, अशी ती कल्पना होती. कल्पना थोर होती. ते स्वतःला ख्रिस्ती संन्यासी म्हणवीत. परंतु भगिनींनो, नवऱ्याने संन्यास घेतला तरी चूल संन्यास घेत नाही! तेथे लक्ष्मीबाई होत्या.

९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत वारले. ख्रिस्ताचे चरित्र ओवीबद्ध करण्याचे 'ख्रिस्तायन' हे त्यांचे काम दहा-अकरा अध्यायांवर थांबले होते. ते कोणी पुरे केले? शाळेत न गेलेल्या, नवऱ्याकडून अक्षरे शिकलेल्या लक्ष्मीबाईंनी. त्यांनी पुढचे ६४ अध्याय रचले. शिवाय १९३४ पासून त्यांची 'स्मृतिचित्रे' प्रसिद्ध होऊ लागली. त्यांत टिळकांचा मोठेपणा आहे, तसाच त्यांचा राग आणि विसराळूपणाही आहे. बाई नवऱ्यावर हसतात, स्वतःवर त्याहून अधिक हसतात. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या वारल्या. ते पुस्तक मराठीत आजही आवडीने वाचले जाते.

मला यातून एवढेच सांगायचे आहे. पाळकाचे, कीर्तनकाराचे, प्रवचनकाराचे विचार आपण सभेत ऐकतो आणि मान डोलावतो. ते खरे की कसे, हे त्याच्या घरच्या माणसांना विचारावे. टिळकांच्या बाबतीत हे सांगणारे घरचे माणूस होते आणि त्याने लिहून ठेवले, म्हणून आपल्याला टिळक पुरे कळतात. इतर अनेक थोर पुरुषांच्या घरी कोण रांधीत होते, कोण उपाशी झोपत होते, हे आपल्याला ठाऊकच नाही, कारण त्या बायकांनी लिहिले नाही आणि त्यांना कोणी विचारलेही नाही.

आपल्या मंडळात हिंदू, ख्रिस्ती, जैन अशा सर्व घरच्या भगिनी आहेत. सासूबाईंच्या, आजीच्या आठवणी प्रत्येकीजवळ आहेत. जोडाक्षर चुकेल म्हणून भिऊ नये. पुढच्या स्मरणिकेत प्रत्येकीने निदान एक पान लिहावे, अशी माझी नम्र विनंती आहे. चिटणीसबाई शुद्धलेखन तपासून देतील, असे मी त्यांच्या वतीने परस्पर सांगून टाकते.