ग्रसनी-शस्त्रक्रियेपूर्वीचे धमनी-परीक्षण

बाविसाव्या गुणसूत्राचा सूक्ष्म तुकडा गळाल्याने होणाऱ्या लक्षणसमूहात घशाच्या शस्त्रक्रियेपूर्वी मानेतील मोठ्या धमन्यांचा मार्ग तपासणे. रॉबर्ट श्प्रिंट्झन यांनी १९७८ मध्ये वर्णिलेल्या या विकारात जन्मजात हृदयदोष आढळतात आणि मृदुतालू, म्हणजे टाळूचा मागचा मऊ भाग, अपुरा पडून बोलताना हवा नाकावाटे निसटते, त्यामुळे उच्चार गेंगाणे होतात. ते सुधारण्यासाठी ग्रसनीच्या, म्हणजे घशाच्या, मागील भिंतीतून पट्टी उचलून मृदुतालूला जोडतात. मात्र मेंदूला रक्त पुरवणारी अंतर्ग्रीवा धमनी अशा रुग्णांत अनेकदा मध्यरेषेकडे सरकलेली, कधी थेट श्लेष्मल आवरणाखाली असते आणि तेथे छेद गेल्यास प्राणघातक रक्तस्राव संभवतो. नासामार्गे दुर्बीण घालून भिंतीवरील स्पंदन पाहतात, परंतु स्पंदन न दिसणे हा सुरक्षिततेचा पुरावा नव्हे. म्हणून सीटी किंवा एमआर अँजिओग्राफी करतात. तिच्या सक्तीविषयी शल्यविशारदांत मतभेद आहेत, कारण मान मागे ताणल्यावर धमनी बाजूला सरकू शकते. टॉन्सिल व ॲडिनॉइड काढतानाही ही दक्षता घ्यावी लागते. शिवाय ॲडिनॉइड काढल्याने गेंगाणेपणा वाढू शकतो.