शाळेत मुलाला धाप लागली तर? पंप कुठे ठेवायचा, कोणी द्यायचा, कोणते कागद करायचे : पालक आणि शिक्षकांसाठी माहिती

सोयाबीनची मळणी, पाचट पेटवल्याचा धूर, गाजर गवताचा फुलोरा, थंडीतली पहाट आणि वर्ग झाडताना उडणारी धूळ. दमा असलेल्या पोरांना याचा किती त्रास होतो, हे ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांना वेगळं सांगायला नको. घरी त्रास झाला तर आई लगेच पंप देते. पण दिवसातले पाच-सहा तास मूल शाळेत असतं. तिथं धाप लागली तर पंप कुठे आहे? तो द्यायचा कोणी? गुरुजींनी दिला आणि काही कमी-जास्त झालं तर?

या प्रश्नांची उत्तरं अटॅक आल्यावर शोधायची नसतात. सगळ्या माहितीचं सार एवढंच : औषध मुलाच्या हाताशी पाहिजे आणि ते वापरायची परवानगी आधीच कागदावर पाहिजे.

कुलपातला पंप काय कामाचा?

बऱ्याच शाळांत पद्धत अशी की मुलांनी कुठलंही औषध जवळ ठेवायचं नाही, ऑफिसात जमा करायचं. हेतू चांगला असतो. लहान पोरांनी एकमेकांची औषधं खाऊ नयेत, खेळू नये. पण दम्याच्या पंपाला हा नियम लावला तर तो जिवावर बेतू शकतो. मुख्याध्यापक मीटिंगला तालुक्याला गेलेले आणि कपाटाची चावी त्यांच्या खिशात, असं कुठंही होऊ शकतं.

कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतात २०१२ साली रायन गिबन्स नावाचा १२ वर्षांचा मुलगा शाळेत दम्याचा अटॅक येऊन गेला. त्याचा पंप ऑफिसात ठेवायचा असा शाळेचा नियम होता. त्याच्या आईने पाठपुरावा केला आणि २०१५ मध्ये तिथं कायदा झाला. पालकांची परवानगी असेल तर मुलाला पंप स्वतःजवळ ठेवू द्यायचा, हे शाळांवर बंधनकारक झालं. त्याच प्रांतात ॲलर्जीच्या झटक्याबाबतचा कायदा त्याआधीच, २००५ मध्ये झाला होता. तोही एका शाळकरी मुलीच्या मृत्यूनंतर.

इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०१४ पासून शाळांना इमर्जन्सीसाठी स्वतःचा जादा पंप विकत घेऊन ठेवता येतो, आणि २०१७ पासून ॲलर्जीचं तयार इंजेक्शनही. अमेरिकेत सगळ्या ५० राज्यांत मुलांना दम्याचा पंप शाळेत जवळ बाळगता येतो. आपल्याकडेही शाळेत औषधाला वाट करून दिल्याचं उदाहरण आहे. उत्तर प्रदेशच्या शिक्षण विभागाने २०२३ मध्ये टाइप-१ मधुमेह असलेल्या मुलांना वर्गात साखर तपासू द्या, इन्सुलिन घेऊ द्या, अशा सूचना शाळांना दिल्या.

आपल्या गावच्या शाळेत हे करायला मंत्रालयातून कागद यायची वाट बघायची गरज नाही. पालक, गुरुजी आणि शाळा व्यवस्थापन समिती मिळून ते करू शकतात.

आधी पंप ओळखा

दम्याचे पंप दोन कामांचे असतात.

पहिला, लगेच आराम देणारा. यात साल्ब्युटामॉल नावाचं औषध असतं. आवळलेली श्वासनळी तो काही मिनिटांत मोकळी करतो. शाळेत लागतो तो हाच. आपल्याकडे तो बहुतेक वेळा निळ्या रंगाचा दिसतो, पण रंगावर जाऊ नका, नाव वाचा.

दुसरा, रोज घ्यायचा. तो श्वासनळीची सूज कमी ठेवतो, म्हणजे अटॅकच कमी येतात. हा घरीच सकाळ-संध्याकाळ डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे घ्यायचा. अटॅक आल्यावर साल्ब्युटामॉलच्या जागी हा देऊन चालत नाही.

पंपासोबत स्पेसर घ्या. स्पेसर म्हणजे प्लॅस्टिकची बाटलीसारखी नळी. एका टोकाला पंप बसतो, दुसऱ्या टोकाने मूल श्वास घेतं. स्पेसर नसला तर लहान मुलांचं बरंचसं औषध तोंडात आणि घशातच बसतं, छातीत पोचत नाही. कॅप्सूल फोडून ओढायचं पावडरचं यंत्र वापरत असाल तर लक्षात ठेवा, ते जोरात ओढावं लागतं. धाप लागलेल्या पोराला तेवढा दम नसतो. म्हणून शाळेसाठी फवाऱ्याचा पंप आणि स्पेसर द्यावा का, हे डॉक्टरांना विचारा.

शाळेत अटॅक आला तर : गुरुजी आणि बाईंसाठी

ऑस्ट्रेलियात शाळेच्या कर्मचाऱ्यांना 'चार-चार-चार' ही सोपी पद्धत शिकवतात. ती अशी :

१. मुलाला ताठ बसवा. आडवं झोपवू नका. शर्टाचं वरचं बटण सैल करा. भोवतीची गर्दी हटवा. मुलाला एकटं सोडू नका आणि पंप आणायला त्यालाच पळवू नका.

२. पंप हलवा, स्पेसरला लावा. एक फवारा मारा आणि मुलाला स्पेसरमधून ४ श्वास घेऊ द्या. असे एकामागून एक ४ फवारे द्या. प्रत्येक वेळी पंप हलवा. चारही फवारे एकदम मारू नका.

३. ४ मिनिटं थांबा. आराम नाही पडला तर पुन्हा तसेच ४ फवारे द्या.

४. तरीही आराम नाही, तर १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत दर ४ मिनिटांनी ४ फवारे चालू ठेवा.

मुलाच्या डॉक्टरांनी वेगळं लिहून दिलं असेल तर त्यांच्या कागदाप्रमाणे वागा.

पुढचं काही दिसलं तर वाट न बघता पहिल्याच मिनिटाला १०८ लावा : मूल एक वाक्य सलग बोलू शकत नाही, श्वास घेताना बरगड्यांमध्ये किंवा गळ्याखाली खड्डा पडतो, ओठ निळसर दिसतात, मूल गळून पडतं किंवा गुंगी येते.

एक गोष्ट फसवी असते. छातीतली घरघर एकदम थांबली म्हणजे बरं वाटलं असं नाही. मूल दमलेलं असेल आणि आवाजच येत नसेल, तर हवा आत-बाहेर जायचीच थांबत आली आहे. ही सगळ्यात धोक्याची खूण.

ॲलर्जीचा झटका वेगळा, त्याचं औषधही वेगळं

अंगावर पित्त उठलं, खाज आली, हे आपल्याला माहीत आहे. पण कधी कधी ॲलर्जी सगळ्या शरीरात भडकते. पित्तासोबत ओठ-जीभ सुजते, आवाज बसतो, श्वास कोंडतो, उलट्या होतात, चक्कर येऊन मूल कोसळतं. हे काही मिनिटांत होऊ शकतं. मधमाशी किंवा गांधीलमाशी चावल्यावर, शेंगदाणे, अंडी, दूध, मासे खाल्ल्यावर किंवा एखाद्या गोळी-इंजेक्शननंतर असं होऊ शकतं.

यावर जीव वाचवणारं औषध एकच, ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन. ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मध्यावर, स्नायूत देतात. खाज थांबवणारी गोळी अंगावरचं पित्त कमी करते, पण कोंडलेला श्वास ती उघडत नाही. 'गोळी दिली आहे, बघू अर्धा तास' असं करण्यात वेळ जातो.

परदेशात ॲड्रेनॅलिनचं पेनसारखं तयार इंजेक्शन शाळेत ठेवतात. आपल्याकडे तालुक्याच्या मेडिकलमध्ये ते सहज मिळत नाही, आणि काचेच्या ॲम्प्यूलमधून वजनाप्रमाणे डोस भरून देणं हे शिक्षकांचं काम नाही. म्हणून आपल्या शाळेचा प्लॅन वेगळा हवा : ॲड्रेनॅलिन जवळात जवळ कुठे आहे हे आधीच माहीत पाहिजे.

प्राथमिक आरोग्य केंद्रात हे औषध असायला हवं. लस दिल्यावर क्वचित असा झटका येतो, त्यासाठी लसीकरणाला येणाऱ्या एएनएम सिस्टरच्या किटमध्येही ॲड्रेनॅलिन असतं. तेव्हा उपकेंद्रातल्या सिस्टर किंवा समुदाय आरोग्य अधिकारी यांना आजच विचारून ठेवा : इंजेक्शन कुठे असतं, कोण देऊ शकतं, कोणत्या वेळेत कोण भेटतं.

गाडी येईपर्यंत मुलाला सपाट झोपवा आणि पाय थोडे वर करा. श्वासाचा त्रास असेल तर पाय लांब करून बसवा. उलटी होत असेल तर कुशीवर घ्या. बरं वाटतंय म्हणालं तरी उभं करू नका, चालवू नका. मधमाशीचा काटा कातडीत राहिला असेल तर नखाने खरवडून लगेच काढा. मुलाला दमाही असेल तर पंप द्या, पण पंप हा इंजेक्शनला पर्याय नाही.

शाळेने काय ठरवावं?

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समिती असते आणि तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. समितीच्या बैठकीत या गोष्टींचा ठराव घ्या :

• दमा आणि मोठी ॲलर्जी असलेल्या मुलांची यादी करायची. ती ऑफिसात, वर्गशिक्षकांकडे आणि पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंकडे असावी. मुलांना चिडवायला कारण मिळेल अशी ती भिंतीवर लावू नये.

• ज्याला पंप नीट वापरता येतो त्याने तो दप्तरात किंवा खिशात ठेवायचा. लहान मुलांचा पंप वर्गातच, बाईंच्या हाताशी, नाव लिहिलेल्या डब्यात. कुलूप लावायचं नाही.

• खेळाचा तास, सहल, प्रभातफेरी, दुसऱ्या गावची स्पर्धा, मूल जिथं जाईल तिथं पंप सोबत जाईल. नेण्याची जबाबदारी कोणाची हे आधी ठरवायचं.

• शाळेतल्या किमान दोघांनी पंप-स्पेसर वापरायला शिकायचं. एक रजेवर असला तरी दुसरा हजर पाहिजे.

• १०८, आरोग्य केंद्र, सिस्टर, गावातला गाडीवाला, हे नंबर मोठ्या अक्षरात लावायचे. फोनला रेंज कुठे येते तेही लिहायचं.

• वर्ग मुलं येण्याआधी झाडायचा, शक्य तिथं ओल्या फडक्याने पुसायचा. शाळेच्या आवारात कचरा-पाला पेटवायचा नाही.

पालकांनी द्यायचं पत्र

कोऱ्या कागदावर असं लिहून द्या आणि एक प्रत सही-शिक्क्यानिशी आपल्याकडे ठेवा :

'मा. मुख्याध्यापक यांस, माझा मुलगा / माझी मुलगी (नाव, इयत्ता) यास दमा / (अमुक) वस्तूची ॲलर्जी आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत सोबत जोडली आहे. सोबत (औषधाचे नाव) पंप व स्पेसर देत आहे. हे औषध मुलाजवळ / वर्गशिक्षकांजवळ ठेवण्यास माझी संमती आहे. त्रास झाल्यास चिठ्ठीप्रमाणे शिक्षकांनी औषध द्यावे, १०८ बोलवावी व मला कळवावे. माझा फोन लागला नाही तर (दुसऱ्या व्यक्तीचे नाव व नंबर).'

ऊसतोडीला किंवा कामाला बाहेरगावी जाणाऱ्या आई-बापांनी हा दुसरा नंबर आजी-आजोबांचा, चुलत्याचा द्यावा. मूल सोबत जाऊन तिकडच्या शाळेत बसणार असेल तर पत्राची आणि चिठ्ठीची प्रत, औषधासह, तिकडे न्यावी.

'मी पंप दिला आणि काही झालं तर?'

शिक्षकांची ही भीती खोटी नाही, म्हणूनच पत्र घ्यायचं. भारतीय न्याय संहितेच्या कलम २७ मध्ये १२ वर्षांखालील मुलाच्या भल्यासाठी, पालकांच्या संमतीने सद्भावनेने केलेल्या कृतीला संरक्षण आहे. संमती घ्यायला वेळच नसेल तेव्हा कलम ३० लागू होतं. दोन्हींना अटी आहेत आणि निष्काळजीपणाला माफी नाही. पण चिठ्ठी आणि पत्र हातात असताना, त्यात लिहिल्याप्रमाणे औषध देणारे गुरुजी एकटे पडत नाहीत. साल्ब्युटामॉलचे चार फवारे दिल्याने हात थरथरतात, छाती धडधडते, ते थोड्या वेळात थांबतं. अटॅकमध्ये औषध न देणं जास्त धोक्याचं.

सरकारी मदत कुठली?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा सरकारी आणि अनुदानित शाळांत तपासणीला येतं, अंगणवाडीत दोनदा. ते ज्या आजारांसाठी मुलं तपासतात त्या यादीत श्वासनळीचा दमाही आहे. सतत खोकणारं, पळताना दमणारं, रात्री घरघरणारं मूल असेल तर त्या दिवशी शाळेत नक्की पाठवा आणि गुरुजींना आधी सांगून ठेवा. १०८ ची गाडी मोफत आहे. पंप डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका. चिठ्ठी असली की जनऔषधी केंद्रात स्वस्तात मिळतो का विचारा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*पंपाची सवय लागते का?* नाही. पंपाचं औषध थेट छातीत जातं, म्हणून गोळीपेक्षा कितीतरी कमी लागतं. निळा पंप वारंवार लागू लागला तर ती सवय नव्हे. दमा आटोक्यात नाही असा त्याचा अर्थ. डॉक्टरांना दाखवा.

*दमा असलेल्या मुलाला खेळू द्यावं का?* द्यावं. खेळताना धाप लागत असेल तर खेळाआधी पंप घ्यायचा का, हे डॉक्टरांना विचारा.

*पंप संपला हे कसं कळायचं?* डब्यावर किती फवारे ते लिहिलेलं असतं, बहुधा २००. काही पंपांवर आकडाही दिसतो. नसेल तर सुरू केल्याची तारीख लिहा. पाण्यात टाकून बघायची पद्धत भरवशाची नाही. एक्सपायरी दर सत्राच्या सुरुवातीला बघा. पंप उन्हात, गाडीच्या डिकीत ठेवू नका.

तुमच्या घरात असं मूल असेल तर उद्या शाळेत जाताना तीन गोष्टी न्या : चिठ्ठीची प्रत, सही केलेलं पत्र आणि नाव लिहिलेला पंप-स्पेसर. समितीत असाल तर पुढच्या बैठकीच्या विषयांत हा विषय घालायला सांगा.