बधिर बोटांची बखर
ज्या व्याधीला गावगाड्याने पूर्वजन्मीच्या पापाचे फळ मानून रोग्यास शिवेबाहेर काढले, आणि 1898 च्या कायद्याने जिच्या निर्धन रोग्यांना सरकारदरबारी बंदोबस्ताचा विषय करून टाकले, त्या महारोगात बोटे झडतात ती बहुधा मज्जातंतू बधिर होऊन चुलीवरचे तापलेले पातेले उचलताना चटकाच न कळल्यामुळे, ही साधी गोष्ट लोकांस उमगायला फार काळ लागला. (वेदना हीसुद्धा एक राखणदारच की!) 1949 साली बाबा आमट्यांनी वरोऱ्याजवळच्या खडकाळ रानात आनंदवन वसवले, तेव्हा डॅप्सोन हे औषध नुकतेच प्रचारात येत होते; अशाच हातांनी तिथे विहीर खणली, शेत पिकवले, आणि न दुखणारी जखम मात्र रोज डोळ्यांनीच शोधावी लागे.