वेषांतर, प्रणय आणि विवाहाचा कायदा

अठराव्या शतकांतील इंग्रजी विनोदी नाटकांत नायक-नायिका खोटें नांव धारण करतात, वेष पालटतात, आणि शेवटच्या अंकांत सारीं सोंगें उतरून लग्न ठरतें. वरवर पाहणारास हा निव्वळ पोरखेळ वाटतो. परंतु ज्या समाजासाठीं हीं नाटकें लिहिलीं गेलीं, त्यांतील सधन कुटुंबांत विवाह हा मालमत्तेचाहि व्यवहार होता, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या सोंगांचा अर्थ उलगडूं लागतो.

१७५३ सालीं लॉर्ड हार्डविक यांच्या पुढाकारानें पार्लमेंटानें विवाहाचा नवा कायदा केला. २१ वर्षांखालील वधूवरांस परवाना काढून लग्न करावयाचें असल्यास वडिलांची अगर पालकांची संमति आवश्यक ठरली. चोरून लावलेल्या लग्नांस आळा घालणें हा त्याचा हेतु. स्कॉटलंडास हा कायदा लागू नव्हता. त्यामुळें सरहद्दीपलीकडील ग्रेटना ग्रीन हें खेडें पळून जाणाऱ्या प्रेमिकांचें तीर्थक्षेत्रच बनलें. विशेष करारपत्र नसेल, तर लग्न लागतांच स्त्रीची जंगम मालमत्ता पतीची होई. तेव्हां वराची पारख करावयाची ती लग्नापूर्वींच. आणि लग्नापूर्वीं तर जो तो शिष्टाचाराचा अंगरखा घालूनच समोर येई.

ऑलिव्हर गोल्डस्मिथचें 'शी स्टूप्स टु काँकर' हें नाटक १५ मार्च १७७३ रोजीं लंडनच्या कॉव्हेंट गार्डन नाट्यगृहांत प्रथम झालें. त्यांतील मार्लो कुलीन स्त्रियांपुढें मान वर करीत नाहीं. दासींशीं मात्र नको तितका धीट. टोनी लंपकिनच्या खोडीमुळें तो भावी सासऱ्याचें घर सराई समजून बसतो. नायिका केट आपल्या साध्या पोषाखाचा लाभ घेऊन सराईंतील दासी होते, मग घरांतील गरीब नातेवाईक. प्रथम तिच्याशीं सलगी करूं पाहणारा मार्लो अखेर तिच्या गुणांपुढें नमतो. कुळ आणि पैसा बाजूस सारून तो आपल्यावर प्रेम करील कीं नाहीं, हें केटला वेष पालटूनच कळलें.

रिचर्ड शेरिडनचें 'द रायव्हल्स' १७ जानेवारी १७७५ रोजीं त्याच रंगभूमीवर आलें. पहिल्याच रात्रीं तें पडलें. शेरिडननें तें मागें घेऊन सुधारलें, आणि २८ जानेवारीस पुन्हां आलेलें नाटक लोकांनीं उचलून धरलें. येथें सोंग उलट आहे. श्रीमंत घराण्यांतील कॅप्टन ॲब्सोल्यूट निर्धन बेव्हर्ले बनतो. कारण कादंबऱ्यांनीं भारलेल्या लिडियास गरिबाबरोबर पळून जावयाचें आहे, मग मावशीच्या संमतीवांचून संपत्तीचा मोठा वांटा गमवावा लागला तरी बेहत्तर! वडील मंडळींनीं योजिलेला वर तोच आहे असें कळतांच ती हिरमुसते. शेरिडनला हा खेळ ठाऊक होता. १७७२ सालीं गायिका एलिझाबेथ लिन्ली हिच्याबरोबर तो फ्रान्सला निघून गेला होता. तिच्यापायीं त्यानें दोन द्वंद्वयुद्धें केलीं, आणि दुसऱ्यांत तो गंभीर जखमी झाला. त्यांचें रीतसर लग्न झालें तें १३ एप्रिल १७७३ रोजीं.

दोन्ही नाटकें अखेर वडिलांच्या आशीर्वादावर आणि पैशाच्या सोयीवर संपतात. प्रस्थापित व्यवस्थेस तीं धक्का लावीत नाहींत. इंग्लंडांतील विवाहित स्त्रीस आपल्या मालमत्तेवर पुरा हक्क मिळाला तो १८८२ च्या कायद्यानें. तोंवर रंगभूमीवरील नायिकेस मनाजोगी निवड करावयास मोकळीक मिळे ती बहुधा उसन्या वेषांतच.