नालासोपाऱ्याचा नागपालित

आमच्या टीममध्ये नवीन माणूस आला की पहिल्या कॉलवर त्याला तेच तीन प्रश्न विचारले जातात. आधी कुठे होतास, काय काय येतं, आणि राहतोस कुठे? तिसऱ्या उत्तरासोबत खिडकीतून दिसतं त्याचा फोटो ग्रुपवर टाकायचा, अशी आमच्यात पद्धत पडली आहे. कोची, इंदूर, पुणे, सगळीकडचे फोटो येतात. मी बोरिवली पूर्वेला, मागाठाणे डेपोजवळ राहतो. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दोन टॉवरच्या मधल्या फटीत नॅशनल पार्कच्या डोंगराची एक हिरवी पट्टी दिसते. मी दोन्ही टॉवर कापून तेवढीच पट्टी टाकली. लोकांना वाटलं, हा जंगलात राहतो. "बिबट्या दिसतो का रे?" असं विचारणारे चार मेसेज आले.

मुंबईतला माणूस हे विचारत नाही. तो म्हणतो, "बोरिवली? बापरे, लांब आहे." कॉलेजात असताना मला हे फार लागायचं. दादर-माटुंग्याची मुलं पत्ता सांगताना आवाज चढवायची आणि आम्ही "वेस्टर्न साइडला" म्हणून वेळ मारून न्यायचो. शहराच्या लेखी आपण टोकाला, इतिहास काय तो फोर्टात, असंच डोक्यात बसलं होतं.

ते पहिल्यांदा हललं कान्हेरीला. म्हणजे शाळेच्या सहलीत गेलो होतोच, पण तेव्हा माकडं आणि वेफर्स एवढंच लक्षात राहिलं. लॉकडाऊननंतर पार्क उघडलं तेव्हा मी घरात बसून बसून कंटाळलो होतो, आणि मधल्या काळात एका पीडीएफवरून ब्राह्मी मुळाक्षरं शिकलो होतो. तसा त्याचा उपयोग शून्य. पण गेटपासून सहा-सात किलोमीटर चालत वर गेलो, आणि टाक्यावरचं एक अक्षर वाचता आलं. मग दुसरं.

कान्हेरीला शंभराहून जास्त लेणी आहेत. इसवी सनपूर्व पहिल्या शतकाच्या सुमारास खोदकाम सुरू झालं आणि जवळजवळ हजार वर्षं इथे बौद्ध भिक्षूंची वस्ती होती. शिलालेखांत या डोंगराचं नाव कण्हसेल असं येतं, म्हणजे काळा डोंगर. कृष्णगिरी, कान्हेरी हे सगळं त्यातूनच आलं. मोठ्या चैत्यगृहात पर्यटक सेल्फी काढतात, ते ठीकच आहे. मला मात्र आवडतात ती टाकी. डोंगरभर कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत आणि पावसाचं पाणी त्यांत नेणाऱ्या पन्हळी आहेत. जुलैत गेलात तर ही व्यवस्था अजून चालू असलेली दिसते. पाणी पायऱ्यांवरून उतरतं, पन्हळीत वळतं, टाक्यात पडतं.

या टाक्यांवर आणि लेण्यांच्या भिंतींवर दान करणाऱ्यांची नावं आहेत. यातले बरेच लेख इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आसपासचे, सातवाहनांच्या काळातले. भाषा प्राकृत, आणि मजकूर अगदी आटोपशीर. माणसाचं नाव, धंदा, गाव, काय दिलं, संपलं. एक टाकं कल्याणच्या सामिदत्त नावाच्या सोनाराचं आहे. सोपाऱ्याचा नागपालितही दात्यांत आहे, हा रत्नांचं काम करणारा. चेऊल म्हणजे आजचं चौल, तिथलेही दाते आहेत. शब्दही ओळखीचे निघतात. टाक्याला 'पोढी', दानाला 'देयधम', आणि लेण्याला 'लेण'. अठराशे वर्षांपूर्वीचा माणूस लेण्याला लेणंच म्हणत होता, हे वाचून मी एकटाच हसलो होतो.

सोपारा म्हणजे आपलं नालासोपारा. सकाळी विरार लोकलच्या दारात लटकताना ज्यांना आपण बोरिवलीवाले शिव्या घालतो, आणि जे आपल्याला घालतात, त्यांचं. तेव्हा ते मोठं बंदर होतं. तिथे अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा सापडला आहे आणि १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी तिथला स्तूप उकरून काढला. कल्याण, सोपारा आणि चौल या बंदरांतून माल देशावर जायचा. या गावांमधली पैसेवाली माणसं कान्हेरीच्या डोंगरावर येऊन पाण्याची सोय करत होती आणि खाली स्वतःचा पत्ता टाकत होती. म्हणजे त्या काळचा नकाशा मांडला तर बोरिवलीचा डोंगर मधोमध येतो, आणि आजचा फोर्ट म्हणजे समुद्रातल्या एका बेटाचा कोपरा.

एक शिलालेख तर थेट आमच्या बसस्टॉपचा निघाला. त्यात भिक्षुसंघाला शेत दान दिल्याची नोंद आहे, आणि शेताचं गाव मंगलठाण. अभ्यासकांनी हे गाव म्हणजे मागाठाणे असं मानलं आहे. २०२२ मध्ये मेट्रो सुरू झाली तेव्हा स्टेशनवर 'मागाठाणे' अशी पाटी लागली, आणि आमच्या सोसायटीतल्या काही लोकांना ते नाव गावंढळ वाटलं. 'बोरिवली ईस्ट' असतं तर फ्लॅटला भाव आला असता, असं त्यांचं म्हणणं. मी त्या चर्चेत मंगलठाण काढलं. कुणी ऐकलं नाही. मागाठाण्यालाही जुनी बौद्ध लेणी आहेत, वस्तीने चहूबाजूंनी वेढलेली. मी दोनदा शोधत गेलो तेव्हा दोन्ही वेळा कुणाच्या तरी दारातूनच जावं लागलं.

मला आधी वाटायचं, ही सगळी पैसेवाल्यांची पाटीबाजी. मंदिराच्या पंख्यावर 'सप्रेम भेट' लिहितात तसली. एका टाक्याचा लेख वाचून तसंच वाटतं. सतेरक नावाच्या अमात्याने ते दिलं, आणि लेखात एका राणीची ओळख येते. सातकर्णीची बायको, महाक्षत्रपाची मुलगी. लेख तुटका असल्यामुळे तिचं स्वतःचं नाव उरलेलंच नाही. पण चैत्यगृहाचा लेख वाचताना माझं मत थोडं बदललं. तो यज्ञश्री सातकर्णीच्या काळातला, दोन व्यापारी भावांनी चैत्य खोदवला त्याचा. त्यात पाथरवटांचा उल्लेख आहे, आणि घासून गुळगुळीत करणाऱ्याचाही. म्हणजे दगड फोडणारा माणूस त्या पाटीवर आला. आम्ही तीन वर्षं खपून जे अ‍ॅप बांधलं त्याच्या 'अबाउट' पानावर फक्त फाउंडर आहेत.

हे लेख मधली कित्येक शतकं कुणालाच वाचता येत नव्हते. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी उलगडली. कान्हेरीच्या लेखांच्या नकला १८६०च्या सुमारास ज्याने केल्या तो एडवर्ड विल्यम वेस्ट पेशाने इंजिनिअर होता, जीआयपी रेल्वेत. नोकरी सांभाळून हा माणूस डोंगर चढायचा आणि अक्षरं उतरवून घ्यायचा. पहलवी भाषा तो स्वतःची स्वतः शिकला आणि पुढे त्या विषयातला जगातला मोठा जाणकार ठरला. माझ्या पीडीएफवाल्या ब्राह्मीला त्याच्यामुळे जरा धीर येतो.

पहलवीचाही संबंध इथेच येतो. ९० नंबरच्या लेण्यात पहलवी लेख आहेत, १००९ सालचे दोन आणि १०२१ सालचा एक. इराणी वंशाचे जरथुष्ट्री लोक इथे आले होते. त्यांनी काही दान दिलं नाही, टाकं खोदलं नाही. तारीख टाकली, बापांच्या नावांसकट आपली नावं लिहिली, आम्ही इथे आलो होतो एवढं नोंदवलं. त्यांच्या दीडशे वर्षं आधी, शके ७७५ मध्ये, गौड देशाहून म्हणजे बंगालकडून आलेल्या अविघ्नाकराने इथल्या संघाला शंभर द्रम्म दिले आणि तेही कोरून ठेवलं. तेव्हा कोकणात शिलाहार कपर्दी आणि त्याच्यावर राष्ट्रकूट अमोघवर्ष. बंगालचा माणूस बोरिवलीत काय करत होता, असा प्रश्न तेव्हा कुणाला पडला नसावा.

आता मला ज्या गोष्टीमुळे हे लिहावंसं वाटलं तिच्याकडे येतो.

शाळेत माझ्या बाकावर बसणारा एक मित्र पार्काच्या आतल्या एका पाड्यावर राहायचा. अजून राहतो. वारली आहे. पार्काच्या सुमारे १०४ चौरस किलोमीटरमध्ये नवापाडा, तुमणीपाडा असे बरेच पाडे आहेत, आणि बाहेर मुंबई वाढायच्या खूप आधीपासून आहेत. तो सकाळी चालत खाली यायचा. पावसात ओढा भरला की यायचा नाही, आणि बाई हजेरी घेताना म्हणायच्या, "नदीपलीकडचा आज नाही." आम्ही त्याच्यावर जळायचो, कारण त्याच्या घरामागे बोरं होती आणि आमच्या मागे नाला.

१९९५ मध्ये पार्कातल्या अतिक्रमणांविरुद्ध उच्च न्यायालयात याचिका झाली, १९९७ मध्ये आदेश आला, आणि पुढे हजारो झोपड्या पाडल्या गेल्या. १ जानेवारी १९९५ पूर्वीचा पुरावा असलेल्यांना पैसे भरून चांदिवलीला घरं, असं ठरलं. जंगल वाचलं पाहिजे हे मलाही पटतं. पार्क नसता तर तिथे आज काय उभं असतं ते माझ्या खिडकीतले दोन टॉवर रोज सांगतात. पण त्या तारखेच्या चाळणीत मित्राच्या आजीलाही उभं राहावं लागलं, आणि तिच्याकडे कागद कुठून असणार? तिच्याकडे विहीर होती. पुढे २००६ चा वनहक्क कायदा आला. त्याच्या नियमांत पुरावा म्हणून घर, विहीर, दफनभूमी चालते, आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसांचा लेखी जबाबसुद्धा. हे मित्राने मला सांगितलं तेव्हा मला पोढी आठवली. पाड्यांचा प्रश्न अजून लोंबकळतोच आहे.

दोन वर्षांपूर्वी त्याचा फोन आला. "अरे, तुमच्या अ‍ॅपला माझं घर चालत नाही."

मी आधी नेटवर्कचं कारण दिलं. मग स्क्रीनशॉट आला. पत्त्याच्या फॉर्ममध्ये फ्लॅट नंबर आणि इमारतीचं नाव या दोन्ही रकान्यांवर लाल चौकट. भरल्याशिवाय पुढे जाताच येत नव्हतं. त्याने नंबराच्या जागी शून्य टाकून पाहिलं, तेही नाकारलं गेलं होतं. शून्य नाकारायचा नियम मी लिहिला होता. लोक काहीही भरतात, डेटा घाण होतो, म्हणून मी तो मोठ्या हौसेने घातला होता, आणि त्याबद्दल मला शाबासकीही मिळाली होती. लेखी पत्ता म्हणजे मजला, विंग, सोसायटी, असं मी धरूनच चाललो होतो. ज्याच्या शेजारी दहा वर्षं बसलो त्याचं घर कसं आहे ते मला पाठ होतं, आणि फॉर्म लिहिताना ते एकदाही आठवलं नाही.

"मग तू काय भरलंस?" मी विचारलं.

"तुझा पत्ता टाकला," तो म्हणाला. "बी विंग, चारशे दोन. पार्सल आलं की काकूंना घेऊन ठेवायला सांग."

मी त्याला काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी दोन्ही रकाने ऐच्छिक करायचं तिकीट टाकलं. वाटलं, दहा मिनिटांचं काम. त्यावर अकरा दिवस वाद झाला. असे युजर किती, डिलिव्हरी फेल गेली तर खर्च कुणाचा, हे जंगलातलं एक घर म्हणजे अपवादच ना? प्रश्न रास्त होते, मी त्यांच्या जागी असतो तर हेच विचारले असते. शेवटी तडजोड झाली. नंबर नसेल तर आपल्या शब्दांत पत्ता लिहिण्यासाठी एक मोकळी चौकट द्यायची, दोनशे अक्षरांची.

मित्राने पहिल्यांदा ती भरली तेव्हा स्क्रीनशॉट पाठवला. आधी आजोबांचं नाव, मग स्वतःचं, मग पाडा, मग 'कान्हेरीच्या रस्त्याला, मोठ्या आंब्यापासून आत'. नाव, वंश, गाव, खूण. एकशे चाळीस अक्षरांत बसलं होतं.

डिलिव्हरीवाला अजून आत जात नाही. संध्याकाळी गेट बंद होतं, शिवाय बिबट्या. पार्सल गेटवरच्या चौकीत राहतं आणि हा कामावरून परतताना उचलतो. मात्र पाकिटावर आता माझा पत्ता नसतो. आई विचारते, त्या मुलाचं हल्ली काही येत नाही का रे आपल्याकडे? मागच्या रविवारी तो स्वतःच आला होता, पिशवीभर करवंदं घेऊन.